जावेचं भंगार

लढाई सुरू झाली, दोघे भाऊ आघाडीवर गेले आणि घरात दोन जावा व त्यांच्या दोन लेकी उरल्या. स्वयंपाकघराच्या मधोमध पडदा होता. अलीकडे थोरलीची चूल, पलीकडे धाकटीची. सरहद्दीवर काय चाललंय ते रेडिओवरून कळायचं. पडद्यापलीकडचं रेडिओशिवाय ऐकू यायचं.

थोरलीची लेक हडकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. धाकटीची गालफुगी, ती फुगी. दोघी एकाच वर्गात होत्या आणि एकमेकींच्या पुढे जाण्यासाठी जिवाचं रान करत. अशात मुख्याध्यापिकाबाईंनी जाहीर केलं, की सैन्याला धातू हवा आहे. प्रत्येकीने घरातलं भंगार आणायचं. जिचं वजन सर्वांत जास्त, तिला शनिवारी हवाई हल्ल्याच्या सरावाच्या भोंग्याचं हँडल फिरवायला मिळेल. शाळेच्या गच्चीवरच्या त्या भोंग्याचा आवाज थेट बाबांपर्यंत पोचणार, याबद्दल टाचणीला तिळमात्र शंका नव्हती. फुगीलाही नव्हती, फक्त तिच्या मते तो तिच्या बाबांपर्यंत पोचणार होता.

टाचणीने घर धुंडाळलं. एक वाकडा खिळा आणि डब्याचं झाकण, यापलीकडे काही मिळेना. मग तिच्या लक्षात आलं, की घरात भंगार कुठे आहे ते आई रोजच सांगते. धाकटीने पितळी पातेलं घासायला काढलं की थोरली पडद्याकडे तोंड करून म्हणायची, "काय ते माहेरचं भंगार एकेक." पलीकडे फुगीने थोरलीच्या किटलीबद्दल हेच ऐकलं होतं. दोन्ही मुली भलत्याच आज्ञाधारक. आईचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.

सकाळी थोरलीला किटली सापडेना, धाकटीला पातेलं, आणि दोन्हीकडची बाकीची भांडीही बहुतेक गायब. दोघींनी एकमेकींवर चोरीचा आळ घेतला, एकमेकींची फडताळं उपसली, आणि कुठेच काही मिळेना तेव्हा त्यांना आठवलं, की आज शाळेत वजन आहे. पिठाच्या हातांनीच त्या धावत सुटल्या.

मैदानात वाण्याचा मोठा तराजू टांगला होता. बाकीच्या मुली कधीच मागे पडल्या होत्या. एका पारड्यात टाचणीचा ढीग, दुसऱ्यात फुगीचा, आणि काटा बरोबर मध्यावर. थोरलीने फुगीच्या पारड्यातली आपली किटली उचलली, तशी टाचणी जिंकायला लागली. ते पाहून धाकटीने दुसऱ्या पारड्यातलं आपलं पातेलं ओढलं. वाण्याने कपाळाला हात लावला.

मुख्याध्यापिकाबाईंनी दोघी जावांना बाजूला केलं आणि टाचणीला विचारलं, "हे भंगार आहे म्हणून तुला कुणी सांगितलं गं?"

"आईनंच. रोज सांगते. काकूच्या माहेरचं सगळंच भंगार आहे."

"मोठ्या काकूची किटली पण," फुगीने भर घातली. "आई म्हणते, ती भंगारवालासुद्धा घेणार नाही."

अख्खी शाळा ऐकत होती. थोरलीने किटली हळूच पारड्यात परत ठेवली आणि ती आपणच सैन्यासाठी दिल्याचं सांगितलं. धाकटीनेही पातेलं ठेवलं.

"माझंही मीच दिलंय," ती म्हणाली. "आपलीच माणसं आहेत ना तिकडे." हे म्हणताना तिचा आवाज खरोखरच भरून आला. थोरलीलाही पदर डोळ्यांना लावावा लागला.

काटा पुन्हा मध्यावर आला. उद्या जी आणखी आणेल तिचा भोंगा, असं सांगून बाईंनी सुटका करून घेतली.

संध्याकाळी धड असं एकच भांडं उरलं होतं, ते धाकटीचं. स्टोव्हपुरतं रॉकेल उरलं होतं थोरलीकडे. शेवटी पडदा सारून दोघींनी एकत्र बटाटे उकडले. चौघी एकत्र जेवायला बसल्या आणि जावांचं चक्क जमलं, कारण नावं ठेवायला आता मुख्याध्यापिकाबाई होत्या. चारचौघांत असं विचारतात का, असं थोरलीचं म्हणणं. त्यांनी स्वतः काय दिलं, हा धाकटीचा सवाल.

"द्यायला आहे काय त्यांच्याकडे? ती सायकल तेवढी," थोरली म्हणाली.

"सायकल कसली, भंगार आहे नुसतं."

टाचणीचा घास हातातच राहिला. तिने फुगीकडे पाहिलं. फुगी आधीच तिच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बाई उशिरा, घामाघूम होऊन, पायी शाळेत आल्या. त्यांची सायकल तराजूपाशी उभी होती. पुढचं चाक टाचणीने धरलं होतं, मागचं फुगीने.

"हे आमच्या दोघींचं मिळून आहे," टाचणी म्हणाली.

हे भंगार आहे असं कुणी सांगितलं, ते विचारायला बाईंनी तोंड उघडलं. मग भोवती कान टवकारून उभी असलेली शाळा त्यांना दिसली, आणि काही न विचारता त्यांनी गच्चीची किल्ली काढून दिली.