गुलाबी ठरलेली लाल मोटारसायकल

आमच्या सान्ता रुफिना गावात वाहनाचा रंग डोळ्यांनी ठरवायचा नसतो, तो वाहतूक कार्यालयाने ठरवायचा असतो. डोळे काय, सगळ्यांनाच असतात. शिक्का एकाकडेच असतो. हे उबाल्दो एरासोला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण त्याला ते मनापासून पटलेलं नव्हतं, आणि त्यातूनच पुढचं सगळं लचांड उभं राहिलं.

उबाल्दो मोटारसायकलवर सवाऱ्या करायचा. बस मुख्य रस्त्यावर सोडून निघून जाते, तिथून घरापर्यंत माणूस याच्या मागे बसून येतो. माणूस, त्याच्या मांडीवर केळ्यांचा घड, वर एखादी कोंबडी. त्याचं नि त्याची बायको नुरिस हिचं घर या एका गाडीवर चालायचं. कागदोपत्री गाडी लाल होती. पण आमच्या किनाऱ्यावरचं ऊन कागदपत्रं वाचत नाही. आठ वर्षांत ती पिकल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी झाली.

एक दिवस पुलाजवळच्या नाक्यावर पोलिसाने त्याला अडवलं.

"कागदावर लाल लिहिलंय," पोलीस म्हणाला.

"लालच आहे, साहेब."

"ही गुलाबी आहे."

"उन्हानं विटलीय."

"मग उन्हानं परवानगी घेतली होती का रंग बदलायची?"

उबाल्दो विचारात पडला. पोलिसाने टोपी काढली, सावकाश घाम पुसला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "फार उकडतंय हो आज."

हे वाक्य आमच्याकडे शाळकरी पोरालासुद्धा कळतं. उबाल्दोला मात्र त्यात हवामानच दिसलं. "तर काय," तो म्हणाला, "तुम्ही त्या चिंचेखाली का उभे राहत नाही? वारं छान येतं तिकडं."

 पोलिसाने दंडाच्या पावतीवर 'वाहनाचा प्रत्यक्ष रंग : गुलाबी' असं ठसठशीत लिहिलं आणि खाली उबाल्दोची सही घेतली.

आमच्याकडे वाहतुकीच्या वर्गाला हजेरी लावली तर निम्मा दंड माफ होतो. लोक तिथे पंख्याखालची जागा पकडतात आणि डुलक्या काढतात. उबाल्दो पहिल्या रांगेत बसला आणि त्याने ऐकलं. वाहन आणि कागद यांत तफावत नसावी, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. ते त्याच्या काळजाला भिडलं. घरी आला तो भारल्यासारखाच. म्हणाला, "गाडी पुन्हा लाल करायची. कागदात आहे तश्शी."

"रंगारी काय मागतोय?" नुरिसने विचारलं. ती दारात तळणीचे पदार्थ विकते, तिचं अर्धं लक्ष कढईत होतं.

"गाडीची निम्मी किंमत."

"मग तूच रंगव. मागची भिंत नाही का रंगवलीस?"

"भिंतीवर ओघळ आलेत."

"भिंतीला कुणी नाक्यावर अडवत नाही."

झालं. रविवारी परसात कारखाना सुरू झाला. टाकी काढून आंब्याच्या फांदीला टांगली. धूळ बसू नये म्हणून भोवती मच्छरदाणी. इंजिनाला वर्तमानपत्रं गुंडाळली, चासीच्या नंबरावर चिकटपट्टी मारली. साबणाच्या पाण्यात पॉलिशपेपर बुडवून उबाल्दो घासायला बसला तो दुपार टळेपर्यंत उठला नाही. सगळी गल्ली आपापल्या डोलखुर्च्या घेऊन मदतीला आली. म्हणजे बसली. मीही माझी खुर्ची सावली बघून लावली.

"फवाऱ्याचा डबा इतका जवळ धरू नकोस, ओघळेल," एकजण म्हणाला.

"लांबही धरू नकोस, खरखरीत होईल," दुसरा म्हणाला.

"मग धरू तरी कुठं?"

"ते आता ज्याचं त्याला कळलं पाहिजे."

पहिला हात ओघळला. तो घासून काढला. दुसऱ्या हातात एक डास चिकटला, त्याला नुरिसने भुवया कोरायच्या चिमट्याने उचललं. पाऊस येईल अशी शंका आल्यावर तिने केस वाळवायचं यंत्र आणून टाकीवर धरलं. तिसरा हात मात्र असा बसला की टाकीत तोंड दिसायला लागलं. उबाल्दोने आरशात बघावं तसं टाकीत बघून मिशा सारख्या केल्या. इतका खूश झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. बिचारा.

सोमवारी तो मुद्दाम नाक्यावरून गेला. स्वतःहून थांबला. ही अक्कल कुणाला सुचणार?

"बघा साहेब, कागदासारखी झाली की नाही?"

पोलिसाने हातातल्या यंत्रात नंबर घातला. "यात गुलाबी आहे."

"असं कसं?"

"तुम्ही दंड भरलात ना? भरलात म्हणजे गुलाबी मान्य केलंत. मान्य केलंत म्हणजे नोंद बदलली. आता तुम्ही गुलाबी गाडी लाल केलीय, विनापरवाना." मग जरा मायेनेच तो म्हणाला, "आज त्या दिवसापेक्षा जास्तच उकडतंय."

"डिसेंबरात वारं सुटेल की," उबाल्दोने त्याला धीर दिला.

त्यामुळे प्रकरण वाहतूक कार्यालयात गेलं. तिथे अमाउरी नावाचे डॉक्टर बसतात. ते कुणाची नाडी बघत नाहीत. आमच्याकडे टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरच म्हणतात, आणि टेबलासमोर उभा राहणारा आपोआप रोगी होतो. उबाल्दोने इस्त्रीचा सदरा घातला होता. मी सोबत गेलो होतो, कारण तिथे वातानुकूलन आहे.

"रंग का बदललात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बदलला नाही हो. होता तोच दिला."

"होता तो गुलाबी."

"त्याच्याआधी लाल होता."

"त्याच्याआधी नुसतं लोखंड होतं. आम्ही मागं जायचं तरी कुठवर?"

  उबाल्दो म्हणाला, "मग गुलाबीची लाल करायची रीतसर परवानगी द्या."

"देतो ना. आम्ही बसलोय कशाला? तपासणीसाठी गुलाबी गाडी घेऊन या."

"ती तर आता लाल आहे."

"तीच तर अडचण आहे."

"मग परत गुलाबी रंगवून आणतो."

"म्हणजे दुसरा विनापरवाना बदल," डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले. "तुम्ही सराईत दिसता."

उबाल्दोचा चेहरा असा पडला की डॉक्टरांनाही दया आली. ते वाईट माणूस नाहीत, नियमात बसेल तेवढी दया त्यांच्याकडे असते. त्यांनी समजावून सांगितलं की माणसाने रंग बदलला तर तो बदल. उन्हाने बदलला तर ती नैसर्गिक झीज, आणि झिजेला परवानगी लागत नाही. गाडी उन्हात ठेवायची, गुलाबी झाली की तपासायची, मग रीतसर लाल करायची.

"पण पोलिसांनी तर उन्हालाच परवानगी विचारली होती," उबाल्दो म्हणाला.

"ते पोलीस खातं. ऊन आमच्या खात्याकडे येतं."

अर्थात झीज घरच्या घरी करून चालत नाही, कोण कशाने घासेल काय सांगावं. ती सरकारी देखरेखीखाली व्हावी लागते. म्हणून जप्तीच्या गाड्या ठेवतात त्या आवारात उबाल्दोची गाडी जमा झाली, दिवसाच्या भाड्यावर. गाडी विटावी म्हणून भाडं भरणारा तो आमच्या गावातला पहिलाच नागरिक. डॉक्टरांनी त्याचं अभिनंदनही केलं.

गाडी नाही म्हणजे सवारी नाही. नुरिसने दुसरी कढई आणली आणि पहाटेपासून तळायला लागली. उबाल्दो डोक्यावर टोपली घेऊन गावभर ते विकत फिरायचा, आणि फिरत फिरत आवाराच्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. ज्या टाकीत तो मिशा बघायचा ती विटावी म्हणून आता तो देवाकडे कडक ऊन मागत होता. ढग आले की ते सरकेपर्यंत तो तिथून हलायचा नाही. त्याला बघून मला वाईट वाटायचं आणि संतापही यायचा, पण कुणावर संतापायचं ते ठरत नव्हतं, म्हणून मी त्याच्यावरच संतापायचो.

गाडी भिंतीलगत लावली होती. त्यामुळे एकच बाजू विटायला लागली.

"जरा फिरवून ठेवू का?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

"मालकानं हात लावला तर झीज नैसर्गिक राहत नाही," पहारेकरी म्हणाला. त्यालाही आता विषयाची गोडी लागली होती.

इकडे कार्यालयाने या प्रकरणातून धडा घेतला. यापुढे वाहनाचा रंग विटू देणे हा निष्काळजीपणा समजला जाईल, असा आदेश निघाला. प्रत्येक उभी गाडी मंजूर कापडाने झाकलेली हवी. मंजूर कापड एकाच दुकानात मिळायचं, आणि ते दुकान डॉक्टरांच्या मेहुणीचं होतं. आठवड्याभरात सगळ्या गावातल्या गाड्या कफनात गुंडाळल्यासारख्या दिसायला लागल्या. आम्ही कुरकुर केली. कापड फक्त करड्या रंगातच मिळतं, अशी.

वर्ष भरलं तसा उबाल्दोला निरोप आला. तो इस्त्रीचा सदरा घालून गेला.

"वर्षभर कुणी न सोडवलेलं वाहन बेवारस ठरतं," डॉक्टर म्हणाले. "त्याचा लिलाव होतो."

"अहो, तुम्हीच तर ठेवायला सांगितलं होतं."

"ठेवायला सांगितलं. टाकून द्यायला कुणी सांगितलं?"

"मी रोज यायचो. भाडं भरायचो. विचारा पहारेकऱ्याला."

"रोज यायचात आणि एकदाही घेऊन गेला नाहीत," डॉक्टर म्हणाले. "यालाच आम्ही टाकून देणं म्हणतो."

लिलावाला गिऱ्हाईक एकच होतं, नाक्यावरच्या पोलिसाचा भाऊ. आता तो तिच्यावर सवाऱ्या करतो. एका बाजूने ती लाल आहे, दुसऱ्या बाजूने गुलाबी, आणि तिचे कागद अजून तयारच झालेले नाहीत. रोज चार खेपा तो नाक्यावरून जातो. त्याला कुणी अडवत नाही.

परवा ती गाडी आमच्या गल्लीतून गेली. उबाल्दो टोपली खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला, पार वळणापलीकडे जाईपर्यंत. मग तो डोलखुर्च्यांकडे वळला आणि म्हणाला, "मला एकदा कुणीतरी सांगा. माझं चुकलं कुठं?"

"सगळंच चुकलं," एकजण म्हणाला. "काही कळतच नाही तुला."

"दुसऱ्या कुणाचं झालं का कधी असं?" दुसऱ्याने विचारलं.

नुरिस कढईतून मान वर न करता म्हणाली, "त्याला काय विचारता? तुम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवशीच माहीत होतं ना काय करायचं ते?"

होतं की. गल्लीत एकालाही वाहतूक कार्यालय चुकलं असं वाटलं नाही; उबाल्दो मूर्ख आहे यावर मात्र एकमत झालं. आणि तुम्ही उगाच मान हलवू नका. नाक्यावर त्या पोलिसाने घाम पुसला तेव्हा तुमचाही हात मनातल्या मनात खिशाकडे गेला होता. गाव तुम्ही कधी पाहिलेलं नाही, आमचं नाणं तुम्हाला ठाऊक नाही, तरी किती पुढे सरकवले म्हणजे भागेल, याचा आकडासुद्धा तुमच्या डोक्यात तयार होता.