टेकडीवरची डबल बेल

आमचे कंडक्टरमामा रुईच्या पानाला तिकिटासारखं भोक पाडायचे.

चेष्टा नाही. पाण्याची घागर घेऊन टेकडी चढलेल्या माणसानं ती झाडाच्या बुडाशी रिकामी केली, की मामा खिशातून तिकिटं पंच करायचा चिमटा काढायचे, रुईचं जाडजूड पान तोडायचे, टक् करून भोक पाडायचे आणि पान हातावर ठेवायचे. "जपून ठेवा. चेकर आला तर दाखवावं लागंल." रुईच का, तर त्या बहात्तरच्या दुष्काळात हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि शेरडंसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. चिकानं पंच चिकट व्हायचा, मामा तो धोतराला पुसायचे. धोतराची ती बाजू कायम काळी.

मामांचा जन्म एस्टीच्या नगर-शेवगाव गाडीवर उभ्यानं गेला होता. करंजी सोडलं की आमचा फाटा, फाट्याला लागून टेकडी, टेकडीच्या पायथ्याला गावाची विहीर. रिटायर होताना त्यांनी खाकी कपडे आणि तिकिटांची पेटी परत केली. मोडका म्हणून भंगारात निघालेला पंच मात्र साहेबांनी आठवण म्हणून दिला. आवाज परत करायचं राहूनच गेलं. गावजेवणाच्या पंगतीतही ते ओरडायचे, "पुढं सरका, मागं जागा हाय!" आणि पाटलासकट सगळी पंगत पुढं सरकायची.

त्या मामांच्या डोक्यात टेकडीवर झाडं लावायचं आलं. टेकडी म्हणजे नुसता मुरूम. वळवाचा पाऊस आला की होती नव्हती ती माती वाहून विहिरीत. मामांनी घरोघर फिरून माणसं जमवली, खड्डे खणून घेतले, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि जंगल खात्याच्या रोपवाटिकेतून रोपं आणून लावली. एका घराला एक झाड. मजुरी कुणालाच नाही, पान मात्र प्रत्येकाला.

पुढं पावसानं पाठ फिरवली. चाऱ्याची टंचाई झाली तसे शेरडंवाले सरपंचांकडं गेले. त्यांचंही खरंच होतं, टेकडी मूळची गायरानच. सरपंच सावध माणूस. ते म्हणाले, "मामा, मृगापर्यंत थांबतो. मृगाला टेकडीवर हिरवं दिसलं तर कुंपन राहील. न्हाई दिसलं तर शेरडं सोडनार."

"गाडी टायमात पोचंल," मामा म्हणाले.

मी तेव्हा नवी नवरी. नगरची, मॅट्रिक पास, शाळेत विज्ञानात पहिली आलेली. हे मी गावात आल्या आल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, आणि एकदा तर धार काढत बसलेल्या हौसाबाईला, तिचे दोन्ही हात अडकलेले असताना. आमच्या घरचं झाड अर्थातच माझ्याकडं आलं. कडुनिंबाचं चिमुकलं रोप आणि त्याच्या आधाराला रोवलेली काठी. पहिल्या दिवशी मी टेकडी चढले ती उंच टाचेच्या चपला घालून. एक टाच वर जाताना गेली आणि दुसरी खाली येताना. मामांनी दोन्ही गोळा करून आणून दिल्या. "सूनबाई, सामान सांभाळा. हरवल्यास आमी जबाबदार न्हाई."

काम चालायचं ते असं. दिवसा सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, म्हणून फटफटायच्या आत टेकडी. प्रत्येक घरानं भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी रात्रभर साठवायचं आणि पहाटे घेऊन यायचं. टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत रांग. भरली घागर डोक्यावर घेऊन वर, रिकामी घेऊन खाली. मामांनी माथ्यावरच्या एका खांबाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली होती आणि तिला सुंभाची दोरी. एक ठोका पडला की रांग थांबायची, दोन पडले की निघायची. खाली कुणी टेकलं की वरून आवाज, "ए, तितं थांबा न्हाई! जलद गाडी हाय ही!"

"मामा, मान्साला प्यायला पानी न्हाई आन् झाडाला कुठनं आनायचं?" हौसाबाई करवादायची.

"झाडाला बसून प्रवास कोन देतंय? उभ्यानं येऊ द्या. घोटभर द्या."

वैशाख लागला तशी रांग विरळ व्हायला लागली. एक घर गळालं, मग त्याच्या शेजारचं. मामा गळालेल्या घराच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि जोरात म्हणायचे, "चला, गाडी सुटली!" आतलं माणूस लाजून घागर घेऊन बाहेर यायचं. त्यांच्यावर कुणी चिडलं तरी ते चिडायचे नाहीत. आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून शिव्या खाल्लेल्या माणसाला आणखी कशाचं काय वाटणार!

मी मात्र एक दिवस चुकवला नाही. माझं झाड कसं ताठ वाढतंय, हे मी रांगेतल्या बायांना रोज दाखवायची. "बघा, खोड कसं सरळ आहे. पानं उशिरा येतात. आधी मुळं धरतात. याला शास्त्र आहे." बाया पदर तोंडात कोंबायच्या. मला वाटायचं, ज्ञानानं भारावल्यात. हसू फारच वाढलं की मामा घंटेला दोन ठोके द्यायचे आणि रांग पुन्हा हलायची.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. एकदा भाकरी थापता थापता त्यांना विचारलं, "मामांना घरी कुणीच नाही?"

"हुती की. मामी हुती." त्यांनी भाकरी उलटली. "मामाची गाडी रोज दुपारी फाट्यावर थांबायची. मामी भाकरीचं फडकं घिऊन उभी. गाडी थांबली की फडकं वर द्यायची, मामा घ्यायचा आन् डबल बेल मारायचा. गाडी चालली. मुक्काम कधी शेवगावला, कधी नगरला. लेकरूबाळ न्हाई. असा संसार झाला त्यांचा, फाट्यावर, उभ्याउभ्या. रिटायर व्हायच्या आदल्या साली गेली ती." मग तव्याकडं बघत म्हणाल्या, "लई ऊन लागायचं गं तिला. फाट्यावर एक झाड न्हवतं."

मृग निघाला. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि सरपंच टेकडी बघायला आले. मागं शेरडंवाले, त्यांच्या मागं शेरडं. आम्ही सगळे घागरी घेऊन रांगेत उभे. मामा सगळ्यांत पुढं, छातीवर एकेकाळी जिथं बिल्ला असायचा तिथं हात ठेवून. सरपंच हिंडायला लागले. काही रोपं हिरवी होती, काही हिरवी म्हणावीत अशी, काहींबद्दल न बोललेलं बरं. सरपंच नुसते पुढच्या रोपाकडं सरकत होते. मला राहवेना. मी पुढं झाले. "सरपंच, इकडं या, माझं बघा. सगळ्यांत सरळ वाढ याची आहे."

सरपंच वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही काठी हाय."

मग जे हसणं उठलं ते करंजीपर्यंत ऐकू गेलं असणार. शेरडंवाले हसले, रांग हसली, हौसाबाई घागर ठेवून खाली बसली. तेव्हा मला कळलं. माझं रोप चैत्रातच एका शेरडानं कुंपणातून मान घालून खाल्लं होतं. गावाला ठाऊक होतं. विज्ञानात पहिली आलेली मी आख्खा वैशाख आधाराच्या काठीला पाणी घालत होते, आणि तिच्या वाढीवर बोलत होते!

"झाडं म्हनं!" एक शेरडंवाला म्हणाला. "काठ्या लावल्यात, काठ्या!" आणि त्यानं माझी काठी उपटायला हात घातला.

काठी हलली नाही.

त्यानं दोन्ही हात लावले. काठी तिथंच. सरपंचांनी त्याला बाजूला केलं आणि डोळे बारीक करून काठीच्या शेंड्याकडं बघितलं. तिथं एक डोळा फुटला होता. त्यातून कोवळं पोपटी पान बाहेर येत होतं, अजून नीट उलगडलंही नव्हतं.

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी पंच धोतराला पुसला.

"पांगाऱ्याची फांदी हाय," ते हळूच म्हणाले. "रोप गेलं तेव्हाच मी वाळली काठी काढून ही रवली. पांगारा फांदीवर लागतो. पोर रोज पानी घालत हुती. गाडी फेल झाली म्हनून पॅसिंजरला रस्त्यात उतरवायचं न्हाई, बदली गाडी द्यायची. एक उतरला की बाकीचेबी खिडकीतनं बाहेर बघाय लागतात."

सरपंच सरळ उभे राहिले. टेकडीभर नजर फिरवून म्हणाले, "काठीला पाला आनलाय तुमी. आता काय बोलायचं? कुंपन राहू द्या. पन मामा, फटीबी बुजवा. आन् वाळलं गवत कापून ह्यांच्या शेरडांना द्या."

"दिलं," मामा म्हणाले, आणि दोन ठोके असे मारले की सुंभाची दोरी तुटायची राहिली.

सगळे नाचत खाली उतरले. माझ्या काठीचे विनोद आमच्याही पुढं गावात पोचले. मी तणतणत घरी आले, आणि मग ध्यानात आलं, डोक्यावरची चुंबळ वरच राहिली. दुपार झाली होती. का कोण जाणे, निघताना मी दोन भाकऱ्या आणि खर्डा फडक्यात बांधून घेतला.

टेकडीवर मामा एकटेच होते. खांबाशेजारच्या खडकावर बसले होते, फाट्याकडं तोंड करून. मी मागून आले ते त्यांना कळलं नाही. ते गाडीत म्हणतात तशा आवाजात, पण अगदी हळू, म्हणत होते, "भिंगार… मेहेकरी… करंजी…" मग थोडं थांबून, "फाटा. फाट्यावर हाय का कोन?"

खाली रस्ता उन्हात पांढराफटक पडला होता.

एवढी बोलकी मी, पण इथं शास्त्र कामाचं नव्हतं. मी खांबाची दोरी धरली आणि घंटेचा एकच ठोका दिला.

मामांनी वळून बघितलं. मी फडकं पुढं केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. मी वाट बघत होते. आता डबल बेल होणार, गाडी सुटणार.

मामांनी दोरीला हात लावला नाही. ते खडकावर थोडे सरकले.

"बस, पोरी," ते म्हणाले. "जागा हाय."