गाढवाचं ‘आहाहा’

एका जंगलात, मुलांनो, रसिकांचं अमाप पीक आलं होतं. जो उठेल तो रसिक! मग त्यांनी मंडळ काढलं. अध्यक्ष झाले कोल्हेसाहेब, कारण शाल त्यांच्याकडे आधीपासूनच होती.

मंडळानं यंदा परदेशातून रोझालिना नावाची वानरीण बोलावली. ती गिटार वाजवायची. तिच्या साथीला चाळीस बगळ्यांचा ऑर्केस्ट्रा, हातात व्हायोलिनं. संगीत म्हणे ‘बरोक’. म्हणजे काय, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर आपल्याला कळत नाही हे सगळ्यांना कळलं असतं ना!

त्या जंगलात धोंडजी नावाचं एक गाढव खुर्च्या वाहायचं. तालीम आठ दिवस चालली. मधे एक संथ भाग होता. बगळे एकच सूर हलका धरून ठेवायचे आणि त्यावर गिटार एकटी चालायची, तान्हं जागं होऊ नये म्हणून आई चालते तशी. धोंडजी खुर्ची पाठीवर तशीच ठेवून उभा राहायचा. आणि नेमके तेव्हाच कोल्हेसाहेब ओरडायचे, “अरे ए धोंड्या, पाणी आण!”

आठही दिवस असंच झालं. तो भाग संपतो कसा, ते काही धोंडजीला कळेना. बिचाऱ्याचा जीव तिथंच अडकला.

“साहेब, मजुरी नको. एक पास द्या,” तो म्हणाला.

“गाढवाला गुळाची चव काय?” कोल्हेसाहेब खो खो हसले. पण मजुरी वाचत होती, म्हणून शेवटच्या रांगेतला पास दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी दारावर पाटी लागली : ‘मध्येच दाद देऊ नये. टाळ्या शेवटी.’

पहिला भाग झाला. संथ भाग सुरू झाला. अस्वल घोरू लागलं. मोर मोबाइलवर स्वतःचंच चित्रण करत होता. हरिणींनी वेफर्सचा पुडा फोडला. यातलं काहीच पाटीवर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळं नियमात होतं.

धोंडजी मात्र कान टवकारून बसला होता. गिटार एक पायरी वर चढली, तिथं क्षणभर थांबली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “आहाहा!” हळूच हो. अगदी हळूच.

“श्शूऽऽ!” तीनशे रसिक एकदम त्याच्यावर खेकसले. त्या आवाजात गिटार पार बुडाली. दोन कोल्हेकुत्र्यांनी धोंडजीला कान धरून बाहेर काढलं आणि जनरेटरशेजारी उभं केलं. तिथून काय ऐकू येणार? कपाळ!

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. रोझालिनाबाई मंचावरून उतरून कोल्हेसाहेबांना म्हणाल्या, “मधे ‘आहाहा’ कोण म्हणालं? त्यांना भेटायचंय मला.”

“क्षमा करा बाई, त्याला आम्ही...” कोल्हेसाहेब बोलू लागले.

“इतक्या वर्षांत एवढी नेमकी दाद मिळाली नव्हती!”

“...आम्हीच ते!” कोल्हेसाहेबांनी शाल सावरली.

“मग तो भाग फक्त तुमच्यासाठी पुन्हा वाजवते.”

कोल्हेसाहेबांचं तोंड कडू झालं. घरी जेवण थांबलं होतं. पण करतात काय? बसले.

बाहेर जनरेटर बंद झाला होता. खुर्च्या उचलता उचलता धोंडजीला गिटार ऐकू आली. तो जागीच थबकला. गिटार पायरी चढली. थांबली. आता पुढे...

“आहाहा! वा, वा!” कोल्हेसाहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं. बाईंनी गिटार खाली ठेवली.

त्यांचं सामान वेशीपर्यंत न्यायचं काम अर्थातच धोंडजीला मिळालं. पाठीवर गिटारीची पेटी होती.

“टाळी जरा लवकर पडली,” बाई म्हणाल्या. “भारावले असतील बिचारे. तुमच्या जंगलात एक तरी कानसेन आहे हो!”

“बाई,” धोंडजी भीतभीत म्हणाला, “ते आहाहा माझं होतं. त्या पायरीच्या पुढं काय येतं, तेवढं सांगाल?”

बाई पोट धरून हसल्या. “गमत्याच आहेस रे! चल, पाय उचल. पेटी नीट सांभाळ.”

तात्पर्य : संगीत ऐकायला कान लागतात, ही गाढवांनी उठवलेली अफवा आहे. खुर्ची लागते. तेव्हा मुलांनो, ती वाहत बसू नका, वेळेवर तिच्यावर बसा.