गुप्त उत्तरं आणि अकरा कोट

आमच्या घराला खोटं बोलायला मी शिकवलं. हे मी अभिमानाने सांगणार होते, पण मधे ती बँडची भानगड झाली.

बाबा शिंपी आहेत. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. एका दुपारी तिथे फार गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला. 'तुमचं पार्सल अडकलंय' असं म्हणून त्याने बाबांची जन्मतारीख, शाळा, आईचं माहेरचं आडनाव, सगळं विचारलं. बाबांनी सगळं सांगितलं. वर त्याला म्हणाले, "आवाजावरून तुमची छाती अडतीस वाटते." मग फोनवर आलेला सहा आकडी कोडही ते वाचून दाखवणार होते, पण चष्मा सापडला नाही म्हणून आम्ही वाचलो.

त्याच दिवशी मी ठरवलं, बाबांच्या फोनवरच्या दुकानाच्या खात्याचा बंदोबस्त आपण करायचा. (शाळेत एक बाई या विषयावर बोलून गेल्या होत्या. वर्गात टिपणं फक्त मी काढली. शंकाही मला खूप होत्या, पण त्या विचारायला हात वर करावा लागतो.) बाबा सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्या खात्यात ठेवतात. मी बावीस अक्षरांचा पासवर्ड केला आणि फोनलाच तो लक्षात ठेवायला सांगितलं. मग आले गुप्त प्रश्न. पासवर्ड हरवला तर खातं उघडायला यांची उत्तरं द्यावी लागतात.

"पहिली शाळा कोणती?" मी वाचलं.

"ही काय, समोरची."

"बाबा, ते सगळ्यांना माहीत आहे. खरं उत्तर द्यायचंच नाही. खोटं द्यायचं."

"कंपनीला?" बाबांचा चेहरा उतरला. "आणि त्यांनी शाळेत चौकशी केली तर?"

शेवटी खोटं बोलायचं काम माझ्याकडे आलं. दुपार कलत होती. इस्त्रीची वाफ तिरप्या उन्हात हळूहळू वर चढत होती, मशीन एका लयीत चाललं होतं आणि दोऱ्याचे बारीक तुकडे हवेत पोहत होते. अशा वेळी मला जे दिसतं ते दिसायला लागलं. मी तेच लिहून टाकलं. ते मी कोणालाही, अगदी आईलाही, कधी सांगितलेलं नव्हतं. जगातला कुठलाच चोर तिथे पोचणार नव्हता.

तीन आठवड्यांनी बाबांचा फोन कापड भिजवायच्या बादलीत पडला. माझी बावीस अक्षरंही त्याच्याबरोबर बुडाली. नवा फोन आणून मी खातं उघडायला बसले आणि नेमके तेव्हाच, कोटांच्या निमित्ताने दुकानात तासन्‌तास येऊन बसणारे बँडमास्तर दारात उभे राहिले. त्यांच्या अकरा वादकांचे कोट शनिवारी हवे होते. वादक अकरा गावांना पांगलेले, ते थेट कार्यक्रमाच्या दिवशी येणार. निळं कापड टेबलावर घडी घालून तयार होतं. मापं नसताना कात्री लावली तर कापड फुकट जाणार, आणि नाही लावली तर बँड शर्टावर वाजवणार.

"पाच चुका झाल्या की खातं आठवडाभर बंद," मी स्क्रीनवरचं वाचलं.

"मग आठव ना उत्तरं," बाबा म्हणाले. "कुठे लिहून ठेवली नाहीस?"

"लिहून ठेवायची नसतात."

"वा! आम्ही मापंही लिहून ठेवायला नकोत मग!"

अडचण अशी की माझी स्वप्नं एका जागी राहत नाहीत. मनातल्या मनात मी निदान नऊ शाळांत शिकले आहे. 'तळ्याखालची' लिहिलं. चूक. 'बोगद्यातली'. चूक. 'झाडावरची' आणि 'काचेची' हीसुद्धा चूक. एकच संधी उरली. बँडमास्तर स्टुलावर बसून टेपची गुंडाळी करत होते, सोडत होते, पुन्हा करत होते.

"जहाजाच्या पोटातली असं लिही," आतून आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती ओले हात पदराला पुसत होती.

"तुला काय माहीत?"

"लिही तर आधी."

लिहिलं. बरोबर! पुढचा प्रश्न आला, पाळीव प्राणी कोणता.

"लंगडा ढग," आई म्हणाली. "तो मागे पडतो म्हणून दार उघडं ठेवायला लावतेस ना?"

तेही बरोबर. माझे कान गरम झाले. तिसरा प्रश्न होता, लहानपणी कोण व्हायचं होतं. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे.

"दीपगृह असेल का?" बँडमास्तर संकोचून म्हणाले. "म्हणजे दीपगृहावरचा माणूस नाही, दीपगृहच."

खातं उघडलं. अकरा मापं एकाखाली एक स्क्रीनवर आली. बाबांनी लगेच कात्री उचलली. मी मात्र तिथेच बसून राहिले.

"तुम्हाला सगळ्यांना कसं कळलं?"

"अगं, तू बटणं लावताना बोलतेस," आई म्हणाली. "चांगली मोठ्याने."

"मी?" (शाळेत मी दिवसाला चार वाक्यं बोलते. त्यात 'हजर' धरलं आहे.) "मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर बोलायची थांबली असतीस."

बाबा खडूने निळ्या कापडावर रेघ ओढत होते. "परवा तर मी मशीन बंद ठेवलं होतं," मान वर न करता ते म्हणाले. "जहाजाचं काय झालं ते ऐकायला."

शनिवारी कोट अंगात बसले. जाड्या ट्रॉम्बोनवाल्याचं बटण तेवढं शेवटच्या गाण्याला उडालं.

त्यानंतर खात्याची उत्तरं बदलायची ठरली. या वेळी आई-बाबांनी आतल्या खोलीत दार लावून ती ठरवली. मी दारावर टकटक केली.

"मला पण सांगा ना."

"नको," बाबा आतून म्हणाले. "तू बोलून टाकशील."

"मग तुम्ही दोघं विसरलात तर?"

"त्याची सोय केली आहे," आई म्हणाली. "बँडमास्तरांना सांगून ठेवलंय."