झोपलेत ते, उठवू नका

मरण्याच्या बाबतीत बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. ऑपेराच्या रंगमंचावर सव्वीस वर्षांत त्या तीनशे अकरा वेळा मेल्या होत्या. क्षयानं, विषानं, खंजिरानं, दोनदा तर बुरुजावरून उडी मारून. आणि दर वेळी मरता मरता दहा मिनिटं गायल्या होत्या. त्यामुळे मॅनेजरनं ‘आवाज जुना झाला’ म्हणून त्यांची भूमिका त्यांच्याच शिष्येला दिली, तेव्हा बाईंनी राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला आणि महिन्याभरात सिनेमात विधवेचं काम मिळवलं. मेलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसायचं आणि एकच वाक्य म्हणायचं, “झोपलेत ते, उठवू नका.”

तीनशे अकरा वेळा मरणारीला नुसतं बसणं काय अवघड, असं त्यांनी धाकट्या बहिणीला ऐकवून ठेवलं.

पहिल्या तालमीला दिग्दर्शकानं हातानं खूण करताच बाईंनी छातीत वारा भरला आणि वाक्य सोडलं. ध्वनिमुद्रकानं हेडफोन असे भिरकावले, जणू त्यातून विंचू निघाला. नवरा झालेला नट बिचारा थकून खरोखरच झोपला होता. तो ताडकन उठून बसला आणि म्हणाला, “आलो, आलो.”

दिग्दर्शक जेमतेम तिशीचा. त्यानं फार गोड बोलून सुचवलं की मॅडमनी नुसते ओठ हलवावेत, आवाज मागाहून दुसऱ्या कुणाचा तरी घालू.

बाई उभ्या राहिल्या. “चेहरा घ्या, पांढरे केस घ्या, हवं तर पुढचे दोन दात काढून देते. पण आवाज दुसरीचा लागणार असेल, तर विधवाही दुसरी बघा.”

“मॅडम, सिनेमात हे चालतंच हो.”

“चालत असेल. माझ्या बाबतीत चालायचं नाही.”

शेवटी उद्याची एक संधी मिळाली. उद्या जमलं नाही तर मॅनेजर खरा ठरणार, एवढं बाईंना कळत होतं. घरी जाऊन त्यांनी ते वाक्य इतकं हळू घोटलं, की ताईचा गळा पार गेला असं समजून बहिणीनं वाफारा तयार केला आणि डॉक्टरांना फोनही लावला.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला आणि बाई गप्प. दिग्दर्शक आज नुसतं ‘ॲक्शन’ म्हणाला, ते त्यांनी ऐकलं. पण ते आपल्याला उद्देशून आहे असं त्यांना वाटलंच नाही. सव्वीस वर्षं समोर वाद्यवृंदाचा संचालक असायचा. त्याची छडी वर गेली की श्वास घ्यायचा, खाली आली की तोंड उघडायचं. छडीवाचून तोंड उघडलं तर प्रयोगाचा सत्यानाश! बाई वाट बघत राहिल्या. दोन टेक वाया गेले.

तिसऱ्या टेकला शिडीवरच्या दिवेवाल्यानं ‘दिवा खाली घे’ असं सोबत्याला खुणावायला हात वर नेला आणि झटक्यात खाली आणला. झालं. घोटलेली कुजबुज कुठल्या कुठं पळाली आणि तीनशे अकरा मरणांचा आवाज एकदम बाहेर पडला.

मेलेला नट हलला नाही. त्यानं या खेपेला कानांत कापसाचे बोळे घातले होते. जिवंतांची मात्र दाणादाण उडाली. सून झालेल्या नटीच्या हातून ट्रे पडला. दोन दिवस डोळ्यांत ग्लिसरीन घालूनही कोरडा राहिलेला, थोरला मुलगा झालेला नट ओक्साबोक्शी रडायला लागला. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायलाच विसरला. मग म्हणाला, “हेच ठेवू. आवाजसुद्धा.”

बाईंनी पहिल्या खेळाचं तिकीट मॅनेजरला स्वतः नेऊन दिलं आणि त्याला आपल्या नि बहिणीच्या मधे बसवलं. तो प्रसंग आला. पडद्यावर ट्रे पडला, मुलगा रडला, मेलेल्या बापाचा स्थिर अंगठाही दिसला. बाईंच्या आवाजानं थिएटर हादरलं. पण कॅमेरा सगळा वेळ इतरांवरच होता, बाईंची म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात चार पांढऱ्या केसांखेरीज काही खूण नव्हती.

मॅनेजर त्यांच्या कानाशी वाकला. “आवाज कुणाचा घातलाय हो? पोरगी तयारीची आहे. मला पत्ता द्या.”

बाई अंधारात उठून उभ्या राहिल्या. छातीत वारा भरला.

“माझा!”

मॅनेजरची शंभर टक्के खात्री पटली. सिनेमाचा शेवट काय झाला, ते मात्र थिएटरच्या बॅटरीवाल्यानं बाहेर काढलेल्या त्या तिघांना अजून माहीत नाही.