पंखादेवीचा आकडा

थवीनने दुकानातला उभा पंखा उचलून घराकडे न्यायला घेतला आणि फिकुनने त्याला वाटेतच गाठलं. पंखा तिच्या नूडल्सच्या दुकानातला. मार्च महिना, उकाडा जीव नकोसा करणारा, गिऱ्हाइकं वाफाळत्या रश्श्यावर वाकून घाम पुसताहेत, आणि नवरा भर दुपारी वायर गुंडाळून निघालाय. कुठे निघालात म्हणून तिने विचारलं. आईसाठी, असं त्याने सांगितल्यावर ती नरमली. पण गिऱ्हाइकांना वारा कोण घालणार, तुम्ही का, एवढं मात्र तिने ऐकवलंच.

दरवर्षी या दिवसांत डोंगर पेटतात, शेतं पेटतात, आणि उत्तरेतल्या चियांगमाईच्या त्या खोऱ्यात धूर असा मुक्काम ठोकतो की समोरचा डोंगर कुठे गेला ते शोधावं लागतं. यंदा थवीनच्या आईला, म्हाताऱ्या खाम्पानला, खोकल्याने धरलं होतं. थवीनची थोरली बहीण राचनी पार दक्षिणेला, सोंगखलाला समुद्राकाठी राहायची. ती शाळेत मुख्याध्यापिका होती आणि धाकट्या भावाशीही मुख्याध्यापिकेसारखीच बोलायची. तिने फोनवर निकाल लावून टाकला. हवेतला धूर मोजायचं छोटं यंत्र पाठवते, आईच्या खोलीतला आकडा रोज सकाळी फोटो काढून पाठवायचा. पन्नासच्या आत असला तर ठीक, नाहीतर मी येऊन आईला घेऊन जाणार, आणि परत पाठवणार नाही.

आईला जायचं नव्हतं. समुद्राशी तिचं काही वाकडं नव्हतं. "तिथल्यांचं बोलणं मला कळत नाही, माझं त्यांना कळत नाही," ती म्हणाली. "मी काय माशांशी गप्पा मारू?" आणि थवीनला तर आईशिवाय घर कसं असतं हेच ठाऊक नव्हतं. 

हवा शुद्ध करायचं तयार यंत्र त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण पंख्याच्या पाठीला चांगला फिल्टर लावला तर तेच काम होतं, असं त्याने ऐकलं होतं. फिल्टर बाजारात मिळाला. प्रश्न एवढाच होता की तो बसवायचा कसा. चिकटपट्टी लावली तर कडेने हवा निसटायची आणि फिल्टर लोंबायला लागायचा. शेवटी थवीनने डोकं चालवलं, म्हणजे हात चालवले, कारण तो शिंपी होता. त्याने मानेवरची टेप काढून पंख्याचं माप घेतलं, घेर धरला, आणि मागच्या जाळीवर फिल्टर गच्च आवळून धरेल असं इलॅस्टिकची झालर असलेलं आवरण शिवलं. घरात जाड कापड एकच शिल्लक होतं, नाचणाऱ्या मुलींच्या पोशाखांतून उरलेलं सोनेरी जरीचं. तेच वापरलं. उरलेल्या तुकड्याचा पंख्याच्या दांड्याला घागरा झाला. आकडा दाखवणारं यंत्र त्याने वर, माथ्यावर बांधलं.

फिकुन बघायला आली आणि दारातच थबकली. पंखा आहे की नवरी, असं तिने विचारलं. पण खोलीची दारं-खिडक्या लावून पंखा चालू केला तेव्हा दोनशेच्या घरातला आकडा संध्याकाळपर्यंत सेहेचाळीसवर उतरला. आईला कितीतरी दिवसांनी न खोकता जेवता आलं. फोटो गेला. राचनीचं उत्तर आलं, "ठीक." तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पदकच होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण शेजारची सेंगदामावशी आजारी माणसाला भेटायला आली. सेंगदामावशीला लॉटरीचा भारी नाद. जुन्या झाडाच्या सालीवर पावडर चोळून ती आकडे शोधायची, मठातल्या मोठ्या भिक्षूंची गाडी दिसली की नंबर पाठ करायची. तिने आईची चौकशी केली, पण डोळे कोपऱ्यात. सोनेरी घागरा नेसलेलं कोणीतरी शांतपणे वारा घालतंय आणि कपाळावर आकडा चमकतोय, सेहेचाळीस. तिने हात जोडले, आणि घरी न जाता थेट तिकीटवाल्याची सायकल गाठली. सोळा तारखेला सोडत निघाली. शेवटचे दोन आकडे सेहेचाळीस.

दुसऱ्या दिवशी पंख्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांच्या चपला जिन्यावर मावेनात. कोणी दांड्याला रंगीत फडकी बांधली, कोणी लाल सोड्याची बाटली फोडून नळी घालून नैवेद्य म्हणून पुढ्यात ठेवली. सेहेचाळीस तर लागून गेला होता, आता नवीन आकडा हवा होता. तो देवी बोलल्याशिवाय कसा मिळणार, म्हणून उदबत्त्या आल्या. उदबत्ती लावली की आकडा हलायचा. हलला की बायका आणखी जुडगे लावायच्या.

थवीनने समजावायचा प्रयत्न केला. ही देवी नाही, हा नूडल्सच्या दुकानातला पंखा आहे. आणि आकडा म्हणजे हवेतली घाण, तुमच्याच उदबत्त्यांची. सेंगदामावशीने त्याचं शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे बाबा, धुराने आकडा वाढतो हे आम्हालाही कळतं," ती म्हणाली. "पण कितीवर जाऊन थांबायचं, ते कोण ठरवतं?"

 थवीन आपल्या शिवणाच्या दुकानात जाऊन नुसताच शिवणयंत्राचं पायडल मारत बसला.

फिकुन म्हणाली, तुम्हाला नाही म्हणता येत नसेल तर मी सांगते. ती तावातावाने गेलीसुद्धा. पण आईच मधे पडली, बसू दे त्यांना म्हणाली. इतके दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आता केस विंचरून, अंबाडा घालून मधोमध बसायची. खोकल्याची उबळ आली की बायका थांबायच्या, उबळ गेली की आई गोष्ट पुढे सांगायची. कोणाचं लग्न कसं मोडलं, कोणाच्या सासूने काय केलं, सगळं. फिकुन आली तशी परत गेली.

आता रोज सकाळचा फोटो हे थवीनच्या जिवावरचं काम झालं. खोलीत पहाटेसुद्धा आकडा शंभराच्या खाली येईना. पन्नासच्या आतला आकडा आणायचा कुठून? तो यंत्र घेऊन घरभर हिंडला. स्वयंपाकघरात वाढला, मोरीत वाढला. शेवटी त्याला फ्रिज सुचला. दार लावून थोडा वेळ ठेवलं तर आकडा वीस. त्याने फ्रिजचं दार किलकिलं करून फोटो काढला आणि देवाचे आभार मानून पाठवून दिला.

फोन लगेच वाजला.

"थवीन, आईच्या खोलीत अंडी कधीपासून ठेवायला लागलात?"

"अंडी? कुठली अंडी, ताई?"

"आकड्याच्या मागे रांगेने बसली आहेत ती. आणि त्यांच्या शेजारी कोबी आहे. आई कुठे आहे, खालच्या कप्प्यात?"

थवीन काहीतरी पुटपुटला. राचनीने फार ताणलं नाही. एवढंच म्हणाली की मी येतेय.

ती आली ती नेमकी एक तारखेला, म्हणजे पुढच्या सोडतीच्या दिवशी. दुपारी तिकिटं घ्यायची शेवटची घाई, त्यामुळे खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. धुरातून आधी हार दिसत होते, मग फडकी, मग सोड्याच्या बाटल्यांची रांग, आणि सगळ्यांच्या मधे, हसता हसता खोकणारी आई. पंख्याच्या माथ्यावर आकडा तीनशे बारा. बायका खूश होत्या, कारण तीन आकड्यांचंही बक्षीस असतं.

राचनी दारात उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही, तिला त्याची गरजच पडत नसे. बायका एकेक करून उठून भिंतीला लागल्या. तिने खिडकी उघडली, बाहेरचा धूर बघून पुन्हा लावली, आणि कपाटातून आईची पिशवी काढून सारोंग लुंग्यांच्या घड्या भरायला लागली. थवीन तिच्या मागे मागे, ताई ऐक तरी, ताई ऐक तरी. बायकांसमोर चेहरा दिसू नये म्हणून तो खाली पडलेली फुलं गोळा करत होता.

"ताई, आईला नको नेऊस," तो शेवटी म्हणाला. "फ्रिजमधे फोटो काढला, चुकलं माझं. पण तिला नको नेऊस."

राचनीच्या घड्या चालूच राहिल्या. तेव्हा आई बोलली.

"येते मी," ती म्हणाली. "जायचं तर जाऊ. पण पंखा माझ्याबरोबर येईल. मला त्याची सवय झालीय."

भिंतीला लागलेल्या बायकांत कुजबुज उसळली. देवी सोंगखलाला? दक्षिणेतल्या लोकांना आकडे देणार? सेंगदामावशी पुढे झाली. काय केलं म्हणजे आजी इथे राहतील, ते सांगा, म्हणाली. राचनीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आयुष्यभर तिने मुलांकडून शब्द वदवून घेतले होते, बायका काय अवघड. आजपासून या घरात एकही उदबत्ती पेटणार नाही. गल्लीत पाला जाळायचा नाही, कचरा जाळायचा नाही, बांधावरचं गवत जाळायचं नाही. धुराचा वास आला की त्याच दिवशी पंखा आणि आई दोन्ही बसमधे. सगळ्यांनी पंख्यासमोर हात जोडून शपथ घेतली. सेंगदामावशीचा नवरा इंथा रोज तिन्हीसांजेला अंगणात पाला पेटवायचा, गावप्रमुखाने भोंग्यावरून ओरडून घसा बसवून घेतला तरी ऐकायचा नाही. त्याचं काय, असं कोणीतरी विचारलं.

"त्यांचं मी बघते," सेंगदामावशी म्हणाली.

काय बघितलं ते तिलाच ठाऊक. पण त्या संध्याकाळी इंथा पाल्याच्या ढिगासमोर हात बांधून बसलेला दिसला, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाला खड्ड्यात पुरत होता.

आकडा उतरत गेला. तीस झाला, वीस झाला, आणि एप्रिलातल्या नव्या वर्षाच्या सणाचं पाणी एकमेकांवर उडवून होईतो आईच्या खोलीत तो सहा-सातवर येऊन टेकला. खोकला जवळजवळ गेला. राचनीने स्वतःच्या डोळ्यांनी रोज आकडा पाहिला, आईच्या हातावर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घेतला, आणि निघताना थवीनच्या खांद्यावर थोपटलं. त्या दिवशी थवीनने दुकान लवकर बंद केलं आणि बायकोला नवीन पंखा आणून दिला.

मग एके दुपारी तो विसरलेली टेप न्यायला आईच्या खोलीत डोकावला तर पंख्याच्या माथ्यावर आकडा अठ्ठ्याऐंशी.  खिडकी बंद होती, बाहेर कुठे धूर नव्हता. वास मात्र ओळखीचा होता. त्याने वाकून पाहिलं. पलंगाखाली वाळूच्या डब्यात दोन उदबत्त्या जळत होत्या, आणि आई छताकडे बघत पडली होती.

"आई, हे काय?"

आई भिंतीकडे वळली.

"सहा घेऊन बायका काय करणार?" ती मग म्हणाली. "दोन आकडे तरी लागतात ना. आठवडा झाला, कोणी फिरकलं नाही. म्हटलं, जरा वर नेऊन बघावा."

थवीन खाली बसला. उदबत्त्या वाळूत दाबून विझवल्या. पंखा चालत होता, आकडा हळूहळू उतरत होता, आणि खोली इतकी स्वच्छ आणि इतकी रिकामी होती की त्याला कसंतरीच झालं. हवेसाठी एवढा आटापिटा केला, आणि त्या हवेत आईने बोलायचं कोणाशी, याचा विचारच केला नव्हता. तो उठला.

"कुठे निघालास?"

"कुंपणापाशी. सेंगदामावशीला सांगतो, पंख्याने आज आकडा दाखवला म्हणून. मनानेच सांगतो कुठला तरी. उदबत्त्या आणायच्या नाहीत असंही बजावतो." मग त्याला शंका आली. "पण आई, तो लागला तर?"

"नाही लागायचा. जन्मात तुझं काही लागलंय?" आई उठून बसली आणि अंबाडा बांधायला लागली. "आणि नाही लागला तेच बरं. जिंकलेली बाई पंख्याला हार घालते आणि घरी जाते. हरलेली येऊन बसते, आणि का हरली ते संध्याकाळपर्यंत सांगते."