सातव्या पानावरची ओवी

शुक्रवारी दुपारी धुळ्याहून पुस्तकांचे गठ्ठे आले, तेव्हा हेमांगीला वाटलं, आता पाठ टेकायला हरकत नाही. दोन वर्षं ती पारोळ्याच्या वाचनालयातली नोकरी आणि घर सांभाळून सासूच्या, म्हणजे वच्छलाबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत होती. बारा ओव्या, बारा पानं, तीनशे प्रती. प्रत्येक ओवीखाली एक क्यूआर. मोबाईल धरला की वच्छलाबाईंचा आवाज ऐकू यायचा. रविवारी वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन होतं.

छापण्याआधीची पानं तिने तीनदा तपासली होती. एकेक वेलांटी तांदळातल्या खड्यासारखी निवडली होती. छापखानेवाल्या हितेंद्रनेही तपासली. तपासला नव्हता तो फक्त क्यूआर. काळ्या ठिपक्यांचा चौकोन, त्यात शुद्धलेखनाची चूक ती काय असणार?

गठ्ठा सोडून तिने हौसेने मोबाईल धरला. सहा पानं सुरेल निघाली. सातव्या पानावर ओवी आली,

'दुख सांगू मी कोनले, माय दूरना गावले,
मी सांगस जाताले, जातं सांगस पीठले.'

ओवी संपली, पण आवाज थांबला नाही. भांड्याचा खणखणाट झाला, मग वच्छलाबाई निवांत बोलू लागल्या. "ताईबाईना हातना भरीतले चव नही वं माय. चाळीस वरीस व्हयनात, मी गोड शे म्हनी खास."

हेमांगीने घाईने बोट दाबून आवाज बंद केला. त्या खोट्या कौतुकाचं पुढचं ऐकायची छाती झाली नाही. त्या दिवशी दूध उतू चाललं म्हणून ती मोबाईल जात्याशीच ठेवून चुलीकडे धावली होती, आणि वच्छलाबाई पोटातलं बोलत असताना मोबाईल ऐकत राहिला होता. नंतर ओवी संपते तिथेच तिने ध्वनिफीत कापून 'सात चांगली' म्हणून वेगळी ठेवली होती. हितेंद्रकडे दुवा गेला तो नुसत्या 'सात'चा.

ताईबाई म्हणजे वच्छलाबाईंची थोरली नणंद. घरातले सगळे तिला फुई, म्हणजे आत्या, म्हणत. रविवारी चोपड्याहून ती येणार होती, पहिल्या रांगेत बसणार होती, आणि तिच्या भरताचा तिला केवढा अभिमान. दोघींचं चाळीस वर्षांचं गूळ-खोबरं एका काळ्या चौकोनापायी नासणार, या विचाराने हेमांगीला जेवण गेलं नाही.

हितेंद्रला फोन केला. तो लग्नपत्रिकांत गळ्यापर्यंत बुडालेला होता. म्हणाला, नवे चिकटवायचे क्यूआर छापून देतो, पण सोमवारच्या आत होणार नाहीत. मग शनिवारी सकाळपासून हेमांगी डब्यांवर लावायच्या पांढऱ्या चिठ्ठ्या घेऊन बसली आणि सातव्या पानावरचा चौकोन झाकू लागली. शंभर झाल्यावर मान आखडली, दोनशे झाल्यावर बोटांना डिंकाचा वास लागला. वच्छलाबाई येऊन बघून गेल्या. "कशाले झाकी ऱ्हायनी पोरी ती रांगोळी?" त्यांनी विचारलं. छापताना डाग पडला, असं हेमांगीने सांगितलं, आणि खोटं बोलल्याचा थकवा वेगळाच आला.

रविवारी सकाळी हितेंद्रचा फोन आला. सहज आठवलं म्हणून सांगतो म्हणाला, "ताई, छापलेला क्यूआर बदलत नाही, पण तो जिथे नेतो तिथली फाईल तुम्हाला बदलता येते. चांगली फाईल तिथे ठेवून द्या. मिनिटाचं काम आहे."

"हे शुक्रवारी का नाही सांगितलं?"

"शुक्रवारी तुम्ही नवीन छापायचं विचारलं ना."

हेमांगीने मिनिटाचं काम मिनिटात केलं आणि झाकलेल्या तीनशे चौकोनांकडे पाहत उरलेला चहा थंड करून प्यायली. निदान आता कुणी चिठ्ठी सोलली तरी भीती नव्हती.

आणि सोललीच. बारा चौकोनांपैकी अकरा उघडे आणि एक झाकलेला, तर माणसाचा हात कुठे जाणार? पाहुण्यांचं भाषण चालू असताना सभागृहभर कागद सोलल्याचा करकर आवाज होता. अकरा ओव्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पहिल्या रांगेत फुईने नखाने चिठ्ठी उचकटली आणि हेमांगीला खूण करून जवळ बोलावलं.

"आथी काय दपाडेल शे?"

"काही लपवलेलं नाही फुई. ओवीच आहे."

हेमांगीने निर्धास्तपणे मोबाईल धरून ओवी ऐकवली. माय दूरना गावले. जातं सांगस पीठले. आवाज तिथेच, शहाण्यासारखा थांबला. फुई मात्र हलेना. ओवीखालचं 'वच्छलाबाई' हे नाव तिने बोटाने दोनदा चाचपलं.

"हाई ओवी मन्ही शे," ती हळू म्हणाली. "मी सासरले व्हतू तवय जातावर दयता दयता करी व्हती. वच्छलानी सोतानं नाव लाव?"

ती उठली आणि पिशवी काखेत मारून दाराकडे निघाली. दोन वर्षांची मेहनत, चाळीस वर्षांची माया, आणि मोडली होती ती चौकोनाने नव्हे, ओवीखालच्या नावाने.

व्यासपीठावरून वच्छलाबाईंनी ते पाहिलं. हेमांगीने वर जाऊन सगळं सांगितल्यावर त्या तिलाच म्हणाल्या, "मी ते तवयच सांगं व्हतं ना, हाई तिनी ओवी शे म्हनीसन. तुन्हा मोबाईलम्हाच सांगं व्हतं. वाजाड ते."

"आई, त्यात आणखी पण काही आहे."

"ऱ्हावू दे. वाजाड."

मूळ फीत मोबाईलमध्ये होती. हेमांगीने देवाचं नाव घेऊन ती लावली. वच्छलाबाईंनी माईक तिच्या हाताजवळ सरकवला, म्हणून भरताची चव दीडशे माणसांनी ऐकली. मागच्या रांगांत पदर तोंडाला गेले. दारापर्यंत पोचलेली फुई थांबली. आणि मग, हेमांगीने कधीच न ऐकलेलं, पुढचं आलं. "पन हाई ओवी तिनीच शे. मी नवी व्हतू, कोपराम्हा बसी रडस. तिनी माले जातावर बसाडं नि हाई शिकाडी. ती ओवी नही ऱ्हाती ते मी माहेरले पयी जाती."

फुई परत आली, व्यासपीठावर चढली आणि वच्छलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत, पाहुण्यांच्या खुर्चीत, बसली. पाहुणे उभे राहिले.

"भरीतनं घर जाईसन दखू," एवढंच ती भावजयीला म्हणाली. मग हेमांगीकडे वळली. "नाव बदल. आनि हाई जे वाजाडं ना, तेच ठेव. काही कापू नको."

"फुई, भरताचं तेवढं काढते ना."

"ते कापशी ते बाकीनं कोन खरं मानी?"

सोमवारी तिघी ओसरीवर बसल्या. हेमांगीने सगळ्या प्रती गोळा करून घरी आणल्या होत्या आणि मूळ 'सात' पुन्हा जागेवर नेऊन ठेवली होती. वच्छलाबाई उरलेल्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने सोलत होत्या, आणि फुई शाळेनंतर पहिल्यांदाच हातात पेन धरून प्रत्येक प्रतीतल्या सातव्या ओवीखाली आपलं नाव लिहीत होती. घाई नव्हती तिला. तीनशे वेळा लिहायला मिळणार होतं.

हेमांगीने दमल्या आवाजात हितेंद्रला फोन लावला. सांगितलं की त्याने छापलेला पहिला क्यूआरच बरोबर होता.

"ताई, मी नवे तीनशे छापून ठेवले की," पलीकडून त्याहून दमलेला आवाज आला.

"ते स्कॅन करून पाहिले का?"

पलीकडे यंत्र चालू होतं. ते बंद झालं.

"बघतो," हितेंद्र म्हणाला.